हिमानीचं वेगळं ताट

आमच्या तिगावात कुणाच्या घरी काय चुकलं हे सांगायला पंचांग लागत नाही, नत्थूजी पुरतात. रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासता तपासता माणसंही तपासायची सवय लागली. तेरवीला कोण आलं नाही, सुतकात कोणी गोडधोड केलं, सगळं तोंडावर बोलणार. मी समोरच राहते, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच आलं. पण आज त्या माणसाला नावं ठेवायची नाहीत.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचा विनोद गेला. पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याच्या गाड्या भरून द्यायचा, धडधाकट पोरगा. नागपूरला नेला तो तिकडचाच झाला, शेवटचं तोंडही कुणाला दिसलं नाही. त्याच्या आधी त्याच्या सहा वर्षांच्या हिमानीला ताप येऊन गेला होता. तेवढ्यावरून गल्लीत कुणीतरी बोलून गेलं, पोरीचा ताप बापाले लागला. काही बायांच्या जिभेला हाडच नसतं, बाप्पा! बोलणारी विसरली. पोरगी ओट्यावरच होती, ती विसरली नाही.

तिनं आपलं ताट वेगळं केलं. स्वतः घासायची, कोपऱ्यात पालथं घालायची. आईजवळ झोपेना, कुणी जवळ घेतलं की अंग चोरून घ्यायची. तिची आई रजनी रडून रडून समजवायची. आम्हा सगळ्यांना वाटलं, बापाचं दुःख आहे, उतरेल हळूहळू. खरं कारण तिनं तोंडातून काढलं नाही, आणि आमच्या कुणाच्या डोक्यात ते आलं नाही.

मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. पोट्टे लाकडी नंदी ओढत दारोदार फिरतात, बाया नंदीचे पाय धुतात, ओवाळतात, पोरांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ नाहीतर चार पैसे ठेवतात. पण वर्षाच्या आत माणूस गेलेल्या घरी सण नसतो. नत्थूजींनी आदल्या दिवशीच घरोघर बजावलं, यंदा आमच्या दारी पोरं पाठवू नका. रिवाजच तो. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली.

संध्याकाळी गलका करत पोरं आली. माझ्या दारी थांबली, पलीकडे थांबली, नत्थूजींचं दार तेवढं सोडून पुढं गेली. हिमानी ओट्यावर जेवत बसली होती, नत्थूजी बाजूच्या खाटेवर. ती त्यांच्याकडे वळली.

"बरं झालं, आबाजी," ती म्हणाली. "आपल्या घरी आले असते तर त्याईलेबी माहा ताप लागला असता. बाबावानी मेले असते."

नत्थूजींना आधी काही उमगलं नाही, आणि मग वेगळ्या ताटापासून सगळंच उमगलं. कोण म्हणालं ते त्यांनी तिला विचारलं, तिनं सांगितलं. नाव मी घेत नाही, मला याच गल्लीत राहायचं आहे. त्यांनी तिला परोपरीनं समजावलं. विनोद रोज मंडीत जायचा, तिकडं रोग पसरलेला, कोणाचा ताप कोणाला लागला हे देवालाही माहीत नाही. मोठ्यांपुढे हलवतात तशी पोरीनं मान हलवली. पटलं काहीच नव्हतं.

तेव्हा त्यांनी तिचं ताट ओढून घेतलं. अर्धी भाकर आणि वांग्याची भाजी उरली होती. ज्या माणसानं जन्मात पोटच्या पोराचंही उष्टं खाल्लं नाही, तो खायला बसला. पोरीनं त्यांचा हात धरला, कित्येक महिन्यांनी तिनं कुणाला हात लावला.

"नका खाऊ, आबाजी! मरून जासान!"

"मेलो तर तुह्या तापानं मेलो," ते म्हणाले. "नाही मेलो तर तुह्यात काहीच नाही. सकाळी पाह्यजो."

ताट पुसून खाल्लं. पोरगी अशी रडत होती की मी आपलं ताट सारून दारात आले.

सकाळी ती खाटेजवळ आली आणि त्यांच्या नाकाखाली बोट धरलं. ते जागेच होते, डोळे मिटून श्वास जोरात सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज संध्याकाळी ते तिच्या ताटातलं खायचे आणि रोज सकाळी ती बोट धरायची. रजनीच्यानं ते पाहवेना, पण पाहू दे तिले, एवढंच ते म्हणाले. आयुष्यभर अंधारात उठणारा माणूस, नातीसाठी पुन्हा खाटेवर येऊन पडायचा.

दिवाळीही त्या घरात दिव्याविना गेली. थंडी पडली. एका सकाळी ते डोळे मिटून पडले होते आणि बोट काही येईना. ऊन खाटेवर आलं. पोरीला काही झालं की काय, म्हणून घाबरून अनवाणीच गल्लीत धावले.

हिमानी माझ्या ओट्यावर होती, माझ्या नातींच्या मधे. एकीच्या कपात टोस्ट बुडवून खात होती आणि उरलेला तुकडा धाकटीच्या तोंडात कोंबत होती. धाकटी खिदळत होती.

नत्थूजी आपल्या ओट्याच्या पायरीवर बसले. विनोदच्या तेरवीलाही ज्याच्या डोळ्याला पाणी आलं नाही, तो माणूस भर गल्लीत मोठ्यानं रडला. हिमानी धावत आली, त्यांच्या गुडघ्यांना बिलगली आणि काहून रडून राहिले म्हणून विचारू लागली.

"तुह्या बाबाची याद आली," ते म्हणाले. पोरासाठी रडायला तोपर्यंत त्यांना तेवढीही सवड मिळाली नव्हती.