जुन्या गावठाणातली रेंज

ती चौकशी आठवली की आजही मला हसू येतं. लातूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. कोरोनामुळे शहरातले क्लास बंद पडले होते. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं आपापल्या गावी परतून मोबाईलवर शिकत होती.

एका दुपारी आमचा बातमीदार धापा टाकत आला. "साहेब, जुन्या गावठाणात गुप्तधन काढायलेत! एक म्हातारा हाय, संगं नात हाय. पोरगी पायाळू हाय म्हणं. हात वर करून फिरती, मधीच थांबती, 'हितं!' म्हणती. की म्हातारा तिथं पहार घालतो. म्या ह्या डोळ्यांनी बघितलं."

जुनं गावठाण म्हणजे भूकंपात पडलेलं गाव. माणसं खाली सखल भागातल्या नव्या वसाहतीत गेली आणि वर टेकाडावर ढिगारे, बाभळी, अर्धवट भिंती उरल्या. उलटं जन्मलेल्या, म्हणजे पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, हे आपल्याकडचं जुनं खूळ. पण या खुळापायी लेकरांचे बळी दिल्याचं मी कागदोपत्री वाचलं होतं. स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि जमादाराला जीप घेऊन पिटाळलं. त्यानं वाटेतच म्हाताऱ्याला पहारीसकट उचलून आणलं. पोरगी सोबत नव्हती.

"नात कुठंय?"

म्हातारा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता.

"पहार कशाला घेतली होती?"

परत नजर घड्याळाकडंच.

"अहो आजोबा, पाहुणचाराला नाही आणलं तुम्हाला!" मी टेबलावर हात आपटला. "पोरीच्या केसाला धक्का लागला तर गाठ माझ्याशी आहे!"

तेव्हा कुठं तो हात जोडून म्हणाला, "साहेब, चारच्या आत सोडा. पेपर झाला की मी आपल्या पायानं येतो. मग टाका आत."

"कसला पेपर?"

"पोरीचा. मोबाईलवर हाय."

मग सगळं बाहेर आलं. नव्या गावात मोबाईलला धड रेंज नव्हती. क्लासचे सर फळ्यावर लिहायचे आणि इकडं पडद्यावर नुसतं चाक फिरत राहायचं. रेंज मिळायची ती वर पडक्या गावात. पोरगी मोबाईल उंच धरून हिंडायची आणि रेंज लागली की ओरडायची. तिथले दगड पहारीनं बाजूला सारून आजोबा बसायला जागा करायचा. झालं आमचं गुप्तधन! आजच्या परीक्षेत मागं पडली तर तिला वरच्या बॅचमधून काढणार होते.

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"घरात कळलं तर म्हातारी तिला उंबऱ्याभायेर पाय टाकू देणार न्हाई. आमची धाकली लेक तिथंच गेली, भूकंपात. तवापासनं म्हातारीनं तिकडं तोंड केलं न्हाई साहेब."

मी मान वर केली तर म्हातारी दारातच उभी. नवऱ्याला पोलिसांनी नेलं म्हणल्यावर कुणाच्या तरी गाडीवर बसून ती ठाण्यात पोचली होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. आता ही ठाणं डोक्यावर घेणार, असं मी धरून चाललो.

"कुठं बसती पोरगी?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"आपल्याच ओसरीवर. तिथंच लई चांगली रेंज हाय."

"एकली?"

"हाव."

"मग तुमी हितं काय करालाव?" आणि माझ्याकडं वळून, "साहेब, तुमची गाडी हाय न्हवं भायेर?"

काय बिशाद होती माझी नाही म्हणायची! दोघांना जीपमध्ये बसवून निघालो.

पोरगी उन्हात मोबाईल हातात धरून बसली होती. आजोबा आला नाही म्हणून तोंड एवढंसं झालेलं. तिच्या पाठीशी अर्धी उरलेली दगडी भिंत होती. म्हातारी शिवेवर थांबली. वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि सरळ आत चालत गेली. आधी ती भिंत तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग भिंत आणि नात यांच्या मधे जाऊन बसली.

"तू लिही बाई," ती म्हणाली. "भित्त पडलीच तर आदी माझ्या अंगावर पडंल."

पेपर संपेपर्यंत आजोबाला घेऊन मी आणि जमादार बाभळीखाली उभे होतो. तिची रेंज कमी होईल म्हणून आम्ही दोघांनी आपापले मोबाईल बंद ठेवले. असं काही होतं की नाही, आम्हाला काय ठाऊक! पण हिंमत झाली नाही.

मोबाईल कंपनीला टॉवरसाठी पत्र दिलं. तो यायचा तेव्हा आला. तोवर म्हातारी रोज नातीसोबत वर जायची.

चौकशीत माणूस गप्प बसला की पोलीस आवाज चढवतो, मीही वर्षानुवर्षं तेच केलं. त्यानंतर मात्र मी आधी एक प्रश्न विचारायला लागलो, "बाबा, तुमची कुठं कोण वाट बघतंय?" या प्रश्नावर भले भले रडताना पाहिलेत मी. आणि खरं सांगतो, उत्तर ऐकून कित्येकदा मीच त्यांना जीपमध्ये बसवून घरी सोडलं.