ओल्या साफीचा वास

गांजाची साफी ज्याने हुंगली नाही, त्याला ती किळस काय सांगावी. साफी म्हणजे चिलमीच्या बुडाला गुंडाळायचं फडकं. पाण्यात बुचकळून पिळतात, मुठीत धरतात आणि त्यातून धूर ओढतात. आमच्या थोरल्या भावाची, दादाची साफी कधीकाळी पांढरी असेल. मी पाहिली ती काकवीच्या रंगाची, बुळबुळीत. वहिनी ती चिमट्याने उचलून दाराबाहेर ठेवायची. तरी लालबागच्या आमच्या एवढ्याशा खोलीत भातालासुद्धा तिचाच वास.

दादा आणि मी एकाच गिरणीत. गिरणी सुटली की मी घरी आणि तो मठीत. तिथे धुनीपाशी एक बैरागी बसलेला असायचा, सदा खोकत. गांजा तळहातावर चोळायचा, बिया फुंकून टाकायचा, वर विस्तव ठेवायचा आणि पहिला दम तोच मारायचा. मग तीच चिलीम, तीच साफी हातोहात फिरायची. आणि ही सगळी आमची सोवळी माणसं बरं का! परजातीच्या हातचं पाणी चालत नसे, त्यावरून गिरणीत नळावर भांडणं व्हायची. इथे मात्र बैराग्याचा बेडका ज्या फडक्यात मुरला, त्यातूनच धूर चोखायला सगळे मांडीला मांडी लावून. मी विचारलं तर दादा म्हणाला, "ओठ कुठे लागतात चिलमीला? फडकं आडवं असतं रे. विटाळ होत नाही." घ्या, हे यांचं शास्त्र.

पुढे दादाही खोकू लागला. अगदी बैराग्यासारखा, पोटातून. वैद्याने बजावलं, धूर सोड, नाहीतर क्षय ठरलेला. दादाने त्याचा शब्द तेवढा पाळला. धूर सोडला आणि भांग घोटायला लागला. शंकराचा प्रसाद, त्याला नाही कोण म्हणणार? भांगेने भागेना तेव्हा माजूम, म्हणजे तुपासाखरेत भांग शिजवून केलेल्या वड्या. चिलीम लगेच चढते, पोटात गेलेली वडी सावकाश. दादा एक खायचा, काहीच होत नाही म्हणून दुसरी खायचा. एकदा दोन्ही मिळून चढल्या त्या गिरणीत, चालू साच्यापुढे, कापड विणत असताना. माझे हात कुठे गेले, माझे हात कुठे गेले, म्हणून रडत बसला. हात होते, फिरत्या पट्ट्यापासून बोटभर लांब. जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, घरी हाकलला. लेक पाणी घेऊन गेली, तर तिलाही ओळखेना.

वहिनीचं मागणं ते केवढं! "एकदा शुद्धीत घरी या, पोरीला जवळ घ्या," एवढंच म्हणायची. तो हो म्हणायचा. पण वडीने घाबरला होता ना, मग आपली चिलीमच बरी म्हणून पुन्हा मठीत. मी एकदा चिडून म्हणालो, "तुला बायकापोरीपेक्षा ते फडकं जवळचं झालं." तर हसला. हसताना खोकला आला आणि खोकल्याबरोबर रक्त.

आधी बैरागी गेला, मागून दादा. चिलीम तेवढी राहिली.

दहाव्याला शिवडीच्या खाडीकाठी पिंड ठेवला. मुलगा नव्हता, म्हणून क्रिया माझ्याकडे. कावळा वर फांदीवर बसून राहिला. मेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द द्यायचा, मग कावळा शिवतो, ही आमची रीत. मी हात जोडून म्हणालो, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. पोरीचं लग्न मी करून देईन. त्याने नुसती मान वाकडी केली. आईचं म्हणालो, गावच्या घराचं म्हणालो. ऊन डोक्यावर आलं, भटजी घाई करायला लागले. तेव्हा मठीतला एक जण पुढे आला. कनवटीची चिलीम साफीसकट काढून माझ्या हातात दिली. "ठेव रे. बघ तर." मी ती दोन बोटांत धरली. पण पिंड न शिवता माघारी कसं जायचं? ठेवली.

कावळा लगेच खाली उतरला.

मंडळींना बरं वाटलं. भोळा होता बिचारा, असंही कुणी म्हणालं. मेल्यांनो, त्याला भोळा करून खाल्लात तुम्ही, असं तोंडावर आलं होतं. मी ती चिलीम चिखलात भिरकावली, आंघोळ केली, हात मातीने पुन्हा पुन्हा घासले.

घरी वहिनी वाटच बघत होती. "कशावर शिवला हो, भाऊजी?"

"पोरीचं नाव घेतलं," मी म्हणालो, "आणि लगेच शिवला."

तिचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा निवलेला मी पाहिला नव्हता. तेवढ्यात पोर धावत आली, माझा हात धरला आणि झटकन सोडून दिला.

"काका, तुझ्या हाताला बाबांचा वास येतो."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. उठली, तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "हात धुवा, भाऊजी," म्हणाली, "पानं वाढते."