पास्कोंच्या व्हरांड्यातली तावदानं

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मेरीबरोत काच फुटली की लोक आधी "वाऱ्यानं फुटली" असं सांगतात आणि मग डल्सी हॉफनरला फोन करतात. डल्सी येते, चष्मा कपाळावर चढवते, तड्यांवरून बोट फिरवते आणि म्हणते, "वारा डावखुरा होता वाटतं. आणि बॅट जरा जडच होती त्याची." मग घरातलं कोणीतरी गुपचूप मागच्या दारानं सटकतं.

मी इथल्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. डल्सीला लागणाऱ्या चुका, म्हणजे काच अडवणारे बारीक खिळे, वरून कडेनं भरायची लांबी, रंग, सगळं माझ्याकडूनच जातं, त्यामुळे तिच्या बारा भानगडी मला तिच्याआधी कळतात.

ती मूळची केकच्या दुकानातली. लग्नाच्या केकवर साखरेच्या वेलबुट्ट्या काढायची. नवरा रेग काचा बसवायचा. सहा फुटी गडी, पण रक्त बघवत नसे. लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात डल्सी त्याचा डबा घेऊन एका घरी गेली, तर हा बोट कापून घेऊन व्हरांड्यात आडवा. डल्सीनं त्याच्या डोक्याखाली त्याचाच कोट सरकवला आणि अर्धवट राहिलेलं तावदान स्वतः बसवून टाकलं. काचेच्या कडेनं लांबी तर तिनं अशी ओढली, की एकाच ओढीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कुठे गाठ नाही, कुठे खळगा नाही. घरमालकीण बघतच राहिली. म्हणाली, "पुढच्या वेळी याला घरीच ठेव. तूच ये."

तेव्हापासून डल्सीच जात राहिली. रेग गाडी चालवायचा, काचा मोजायचा आणि काच कापायची हिरकणी फिरवायची वेळ आली की तोंड फिरवून उभा राहायचा. तो गेला त्यालाही आता नऊ वर्षं झाली. इथल्या जुन्या घरांना व्हरांड्यात उघडणारी फ्रेंच दारं, एकेका झडपेला आठ-आठ तावदानं, त्यामुळे तिला कामाची कधी ददात पडली नाही. तिची एकच फुशारकी होती. "मी बसवलेलं तावदान फुटेल," ती म्हणायची, "पण निघणार नाही."

हे ती जिथे तिथे सांगायची, म्हणून तर पुढचं सगळं तिला इतकं झोंबलं.

नोव्हेंबरात गारा पडल्या. सेल्विन पास्कोंच्या घराच्या पूर्वेकडच्या दारांची अकरा तावदानं गेली. हे पास्को निवृत्त भूमापक. सगळं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलं, आता जमीन उरली नाही म्हणून चहातली साखर मोजतात. त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी बहीण आयव्ही राहते. दोघांचंही लग्न झालेलं नाही आणि दोघांनाही वाटतं की ते दुसऱ्यामुळे. डल्सीनं तीन दिवसांत अकराच्या अकरा तावदानं बसवली, वरून लांबी लावली आणि सांगितलं, "दोन आठवडे हात लावू नका. लांबी कडक झाली की मी रंग द्यायला येते."

नवव्या दिवशी, रविवारी, पास्कोंकडे चहाला चर्चचे धर्मगुरू आले होते. व्हरांड्यात टेबल मांडलं होतं, आयव्हीनं भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, केले होते. धर्मगुरूंनी लोण्याकडे हात नेला आणि त्यांच्या पाठीमागच्या दारातलं एक तावदान सावकाश पुढे झुकलं आणि स्कोनवर येऊन पडलं. कोणाला लागलं नाही. पण स्कोन गेले.

सोमवारी सकाळी पास्को माझ्या दुकानात. डल्सी नेमकी तिथेच होती.

"मिसेस हॉफनर," ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की रंगाच्या रांगेतली माणसं डबे खाली ठेवून ऐकू लागली, "तुम्ही चुका मारायला विसरलात."

"मी? चुका?" डल्सी म्हणाली. "मिस्टर पास्को, तुम्ही एक वेळ पँट घालायला विसराल, पण मी चुका विसरणार नाही."

"मग त्या गेल्या कुठे? तावदानाला चार चुका हव्यात. मी मोजल्या. एक आहे. लांबीही चार इंच गायब आहे. त्या ठिकाणी नखानं ओरबाडल्यासारखे खड्डे आहेत. मी आकृती काढली आहे."

आकृती खरंच होती. प्रमाणासकट.

डल्सीनं आकृती बघितली आणि माझ्याकडे वळली. "तुझा लांबीचा डबा जुना होता का गं?"

"माझ्यावर कशाला?" मी म्हणाले. "त्याच डब्यातली लांबी शाळेच्या खिडक्यांना लागली, दवाखान्याला लागली. तिथे कोणाच्या डोक्यात पडली का काच?"

तिनं आकृती पास्कोंच्या हातात परत दिली. नव्या चुका घेतल्या आणि गेली. त्या दिवशी तिनं तावदान पुन्हा बसवलं, चाराऐवजी सहा चुका मारल्या. चार दिवसांनी त्याच्या शेजारचं निघालं.

मग गावाला विषयच मिळाला. दुकानात येणारा प्रत्येक जण खिळे घ्यायला आलेला असो की झाडू, सल्ला देऊन जायचा. कोणी म्हणे उकाड्यानं लांबी वितळते. कोणी म्हणे घराचे खांब खचलेत, दारं तिरकी झालीत. आणि काही जण, हे मात्र हळू आवाजात, म्हणत की डल्सी आता सदुसष्टची झाली, हात पूर्वीचा राहिला नाही.

हे शेवटचं तिच्या कानावर गेलंच. संध्याकाळी ती दुकान बंद करायच्या वेळेला आली आणि दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवले. "बघ," म्हणाली, "थरथरतात का?"

"छे."

"नीट बघ. खोटं नको बोलूस."

मी नीट बघितलं. हात दगडासारखे स्थिर होते. पण डोळे जरा ओले होते, आणि मी तिला इतकी वर्षं ओळखते, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"मग आता विकतची लांबी नको," ती नाक ओढून म्हणाली. "रेग करायचा तशी घरी मळते. खडूची पूड दे, आणि जवसाचं तेल. चांगलं दे, ताजं."

तिनं स्वतः मळली. तेल सढळ हातानं घातलं, पावाचं पीठ मळावं तशी तासभर तिंबली. पास्कोंच्या दारांना लावली तेव्हा, ती सांगते, वास असा सुटला होता की तिलाच चाखून बघावीशी वाटली.

ती लांबी दोन दिवसांत साफ झाली. म्हणजे अगदी चाटूनपुसून.

"हे कोणीतरी खातंय," डल्सी मला म्हणाली. आता डोळे कोरडे होते आणि त्यांत वेगळीच चमक. "उंदीर असेल, नाहीतर पॉसम. तिखट घालूया."

कल्पना माझीच होती असं ती आजही सांगते. असेल. घरी लाल मिरचीची पूड होती, ती मी दिली, पाव किलो. डल्सीनं ती लांबीत मळली. मळता मळता एकदा डोळ्याला हात लावला, आणि मग मला तिला बागेच्या नळाखाली धरावं लागलं. नळाखालून ती ओरडत होती, "चांगलंय! चांगलंय! म्हणजे लागेल त्याला!"

दुसऱ्याच दिवशी पास्कोंचा फोन. तिखटाची लांबी आधीच्या लांबीपेक्षा लवकर संपली होती. सोबत चौदा चुका.

"बास," डल्सी म्हणाली. "उद्या पहाटे तयार राहा. थर्मास माझा, केक तुझा."

पहाटे पाच वाजता आम्ही दोघी तिच्या गाडीत, पास्कोंच्या घरासमोर आंब्याखाली. तोंडात लॅमिंग्टन केक, नजर व्हरांड्यावर. पहिलं ऊन आलं. सव्वापाचला एक पांढराशुभ्र काकाकुवा कठड्यावर येऊन बसला. मग दुसरा. मग नऊ. पिवळे तुरे उभारून ओळीनं बसले, खानावळीत पान मांडायची वाट बघावी तसे.

आणि व्हरांड्याचं दार उघडलं. झोपायच्या झग्यात आयव्ही बाहेर आली. हातात सूर्यफुलाच्या बियांची बशी.

"या रे माझ्या राजांनो," तिचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला. "हळू, हळू. भांडायचं नाही. तो उठेल."

पाच मिनिटांत बशी रिकामी झाली. आयव्ही आत गेली. पाहुणे मात्र उठेनात. पहिला काकाकुवा कठड्यावरून उतरला, तुरुतुरु चालत दारापाशी गेला, चोचीनं लांबीचा लांबलचक तुकडा सोलून काढला, एका पायात धरला आणि डोळे मिटून खाऊ लागला. तिखटाची लांबी! दुसऱ्यानं एक चूक उपटली, उन्हात फिरवून बघितली आणि खाली टाकली. ती पायरीवर टणकन वाजली.

डल्सीनं हातातला केक खाली ठेवला. मग तिच्या पोटातून हसू यायला लागलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून ती अशी हसली की हॉर्न वाजला, काकाकुवे किंचाळत उडाले आणि आयव्ही धावत बाहेर आली.

डल्सी गाडीतून उतरली, पायऱ्या चढली. मी मागोमाग.

"आयव्ही," ती म्हणाली, "तुझ्या पाखरांनी माझी चाळीस वर्षांची अब्रू खाल्ली. तीसुद्धा तिखट लावून."

आयव्हीचा चेहरा पडला. "सेल्विनला सांगू नकोस गं. त्याला काकाकुवे म्हटलं की अंगावर काटा येतो. त्यांनी त्याच्या कोटाची बटणं खाल्ली होती. नगरपालिकेला त्यानं सहा पत्रं लिहिलीत त्यांच्याविरुद्ध."

"आणि मी काय करू? म्हातारी झाले, हात गेला, असं गावाला म्हणू देऊ?"

"नाही," आयव्ही म्हणाली. तिनं हातातली रिकामी बशी कठड्यावर ठेवली. "नाही, ते बरं नव्हे. मला वाटलं, उंदीर असतील. खरंच वाटलं. माझ्या पोरांकडे मी कधी तसं बघितलंच नाही."

"मग तू सांग. माझ्या तोंडून जायला नको. शुक्रवारपर्यंत."

आयव्हीनं त्याच दिवशी न्याहारीला सांगितलं. पण पास्कोंनी विश्वास ठेवला नाही! पक्षी दाणे खातो, लांबी खात नाही, आणि मिरची तर नाहीच नाही. मिसेस हॉफनरनं आपल्या चुकीवर पांघरूण घालायला माझ्या भोळ्या बहिणीला पढवलं, असं त्यांचं मत पडलं. हे कळल्यावर डल्सी दुसऱ्या दिवशी पहाटे मुठीएवढा लांबीचा गोळा घेऊन हजर. तो तिनं व्हरांड्यातल्या टेबलावर, पास्कोंच्या अंड्याच्या कपाशेजारी ठेवला.

"बसा," म्हणाली. "हलू नका. पेन्सिल हातात ठेवली तरी चालेल."

पास्को बसले. पहिला काकाकुवा आला, टेबलावर उतरला. आधी त्यानं पास्कोंकडे मान वाकडी करून पाहिलं. मग गोळा फोडून शांतपणे खायला सुरुवात केली. पास्कोंनी वहीत वेळ लिहिली. तुकड्यांची लांबी-रुंदी लिहिली. गोळा संपल्यावर पाहुण्यानं त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिचे दोन तुकडे केले. पास्को हलले नाहीत. आयव्ही म्हणते, साठ वर्षांत भावाच्या चेहऱ्यावर असं कुतूहल तिनं पाहिलं नव्हतं.

सोमवारी ते पुन्हा माझ्या दुकानात आले, पुन्हा मोठ्यानं बोलले. खिशातून कागद काढला. "मिसेस हॉफनर, तीन मुद्दे. एक, तुम्ही चुका मारल्या होत्या. दोन, तुमची लांबी उत्तम होती, किंबहुना जरुरीपेक्षा जास्त उत्तम होती. मी गावासमोर माफी मागतो. तीन, डाव्या झडपेचं खालून दुसरं तावदान अर्धा मिलिमीटर तिरपं बसलं आहे."

डल्सी म्हणाली, "ते मला माहीत आहे. त्या दिवशी डोळ्यांत मिरची होती."

मग तिनं त्या दारांना लांबीऐवजी लाकडी पट्ट्या ठोकल्या. मनाविरुद्ध, हे सांगायला नको. "विकतचा केक आणून वर चेरी ठेवल्यासारखं वाटतं," ती कुरकुरत होती. पण पट्ट्यांचे कोपरे असे जुळवले की पास्कोंची मोजपट्टीही गप्प बसली. काकाकुव्यांसाठी पास्कोंनी बागेच्या टोकाला, घरापासून मोजून चाळीस पावलांवर, खांबावर एक फळी बसवून दिली. आता सकाळी बिया घेऊन आयव्ही जाते आणि वही घेऊन ते जातात. नगरपालिकेला सातवं पत्र गेलं नाही.

डल्सी अजून काम करते. परवा चर्चच्या घराची दोन तावदानं बसवून आली, लांबी लावूनच. तिला विचारलं, "तिकडे पाखरं नाहीत का?" तर म्हणाली, "आहेत. पण धर्मगुरू कंजूष आहेत, कोणाला दाणा टाकत नाहीत. लांबी सुरक्षित आहे." आणि चष्मा कपाळावर चढवून ती चुकांचा नवा डबा शोधायला आत गेली.