म्हैस हे कशाचं प्रतीक आहे?

हसणार नाही असा आधी शब्द द्या, मग सांगतो. बरं, हसा, पण चहाचा कप खाली ठेवून हसा. सतरंजी नवीन आहे.

मी मराठीचा मास्तर. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो, कॉलेजात शिकवतो आणि दिसेल त्यात प्रतीक शोधतो. बायको म्हणते, "ह्यांच्या ताटात कारलं वाढलं तर हे जेवायच्या आधी त्याचा अर्थ लावत बसतात." आणखी एक कबुली देऊन टाकतो. मला पाण्याची भीती वाटते. साधीसुधी नाही. रंकाळ्यावर भेळ खातानासुद्धा मी तळ्याकडं पाठ करून बसतो.

तर गेल्या पावसाळ्यात शिरोळकडच्या एका नदीकाठच्या गावातून फोन आला. फोनवर होत्या नूरजहाँ मुलाणी मॅडम, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. त्यांची एक विज्ञानकथा दिवाळी अंकात छापून आली होती. गावच्या वाचनालयात मी त्या कथेच्या रचनेवर आणि प्रतीकांवर बोलावं, असं त्यांचं म्हणणं.

कथा थोडक्यात सांगतो. पुढच्या काळातलं एक गाव. नदीवर एक यंत्र बसवलेलं, ते दर तासाला सांगतं, 'सगळं ठीक आहे.' लोकांना त्याची इतकी सवय झालेली की नदीकडं कुणी बघतच नाही. एका पावसाळ्यात पाणी चढतं, यंत्रच बुडतं, आणि पाण्याखालून सांगत राहतं, 'सगळं ठीक आहे.' फक्त एक म्हैस दावं तोडून माळाकडं पळत सुटते. गाव तिला हसतं. शेवटी हसणारं कुणी उरत नाही.

वाचून अंगावर काटा आला हो! आणि अंगावर काटा आला की मास्तर काय करतो? टिपणं काढतो. बारा पानं काढली.

निघताना बायको दारात उभी. "अहो, चार दिवस झाले, पाऊस उघडला नाही. नदीकाठच्या गावाला आजच जायला पाहिजे का?"

"सकाळी मोबाइलवर पाण्याची पातळी बघितलीय. सगळं ठीक आहे."

हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोललो, आणि मला काही म्हणता काही वाटलं नाही. बारा पानं टिपणं काढलेल्या माणसाला!

गावाच्या अलीकडं एक ओढा आहे, त्यावर ठेंगणा पूल. एसटी त्यावरून गेली तेव्हा पाणी पुलाच्या पोटाला लागलेलं होतं. मी डोळे मिटून घेतले आणि पूल संपल्यावर उघडले. मिटल्या डोळ्यांना काय दिसणार?

वाचनालयात चाळीसेक माणसं होती. चपला दारात काढून मी आत गेलो. पुढच्याच बाकावर मॅडमचे शेजारी आप्पा बसले होते, ट्रॅक्टरवाले, गळ्यात टॉवेल. कार्यक्रम रंगावा म्हणून मी एक शक्कल काढली होती. म्हटलं, "मंडळी, मी कथा उलगडत जाणार. तुम्ही कथेतले गावकरी व्हायचं आणि मध्येच उठून मला पुराचा इशारा द्यायचा. मी यंत्र होणार. तुम्ही काहीही सांगा, मी म्हणणार, सगळं ठीक आहे!"

ही शक्कल माझी, बरं का. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

सुरुवात झकास झाली. फळ्यावर मी चढती रेघ काढली. आधी सवय, मग खूण, मग दुर्लक्ष, मग घात. इशारा देणारी कथा अशीच चढत जाते, असं सांगत होतो, तेवढ्यात भिजून चिंब झालेला एकजण दारात आला आणि आप्पांच्या कानात काहीतरी बोलला. आप्पा ताडकन उठले.

"सर, धरणातनं पाणी सोडलंय. वड्याचं पाणी पुलावर चढाय लागलंय!"

मी टाळ्या वाजवल्या. "वा! बघा मंडळी, आवाजात कसा कंप आलाय! सगळं ठीक आहे!"

"तसं न्हाय ओ सर, खरंच आलंय की!"

"अगदी हेच! कथेतला गावकरीसुद्धा 'खरंच' म्हणतो. सगळं ठीक आहे!"

आप्पांनी कपाळावर हात मारला. तोही मला अभिनय वाटला.

मग धावपळ उडाली. बायकांनी पोरं काखोटीला मारली, म्हाताऱ्यांना हाताला धरून उठवलं, बाकं सरकली. मुलाणी मॅडम ओरडल्या, "सर, तुम्हीपण चला!" आणि एका आजीला घेऊन बाहेर गेल्या. मी काय म्हणालो असेन? "सुंदर! बाहेर पडतानाही भूमिका सोडू नका!"

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. म्हशी हंबरायला लागल्या. मला भरून आलं. वाटलं, केवढी तयारी केलीय ह्या लोकांनी! म्हटलं, "ऐका! म्हैस हे कशाचं प्रतीक आहे? जी भीती आपण मनात दावणीला बांधून ठेवतो, तिचं!" समोर एकही माणूस नव्हता. मला वाटलं, लोकांनी कथेचा शेवटच करून दाखवला. रिकामी बाकं, हसणारं कुणी उरलं नाही! खरं सांगतो, माझे डोळे पाणावले. रिकाम्या बाकांना मी प्रतीकांचे चार प्रकार समजावून सांगितले.

चौथ्या प्रकारावर होतो, तेव्हा दारातून माझी चप्पल आत आली.

आपली आपण. तरंगत. तिच्या मागून दुसरी आली. दोघी फळ्याखालून फिरून कपाटापाशी जाऊन थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाचाच अर्थ लावावासा वाटला नाही.

मी खाली बघितलं. गढूळ पाणी घोट्यापर्यंत आलेलं. भीती भीती म्हणतात ना, ती मला त्या दिवशी कळली. पळायला पाय उचलायला गेलो, उचलेना. डोक्यात एकच विचार, की मला पोहता येत नाही आणि मी इथं आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

तेवढ्यात दारात मुलाणी मॅडम आल्या, गुडघाभर पाण्यातून. "सर! तुम्ही अजून इथंच? मला वाटलं ट्रॅक्टरच्या पहिल्या खेपेला गेला!"

"मॅडम, हे... खरं आहे?"

"आता हेपण मीच सांगू का? चला!"

"मला पोहता येत नाही."

"पोहायला कोण सांगतंय? नुसतं चाला!"

त्यांनी माझं मनगट धरलं आणि शाळेत उशिरा आलेल्या पोराला न्यावं तसं मला बाहेर ओढलं. गल्लीची नदी झाली होती. पाणी मांड्यांना ढकलत होतं आणि पायाखाली रस्ता आहे की गटार, काही कळत नव्हतं. आप्पांची दुसरी खेप निघायच्या बेतात होती. ट्रॉलीत म्हशी. मॅडम पुढं आप्पांच्या बाजूला चढल्या, मला मागं ढकललं.

माळाकडं जाताना रस्त्यात एक खोलगट जागा लागते. तिथं पाणी ट्रॉलीच्या फळीला लागलं. ट्रॅक्टर खोकला. एकदा. दोनदा. डोळे मिटले तर पाणी दिसेना, पण त्याचा आवाज जास्तच यायला लागला. मी शेजारच्या म्हशीच्या गळ्यात दोन्ही हात घातले आणि अंबाबाईचं नाव घेऊन रडलो. हो, रडलो! लाजायचं काय त्यात? घरी बायको एकटी टीव्हीवर पुराची बातमी बघत असेल आणि मी म्हशीच्या गळ्यात पडून मरणार, असं वाटत होतं. म्हैस शांत होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि रवंथ चालू ठेवलं.

"आप्पा," मी कसंबसं ओरडलो, "सगळं ठीक आहे ना?"

"त्यो शब्द परत तोंडातनं काढू नगासा!"

ट्रॅक्टर निघाला. वर चढला. माळावरच्या शाळेत पोचलो तेव्हा सगळं गाव तिथं होतं, एक माणूस कमी नाही. मी खाली उतरलो, पायांत चपला नाहीत, अंगाला शेण, डोळे सुजलेले. आधी बायकोला फोन लावला. ती काय बोलली ते सांगत नाही.

दारात ग्रामसेवक वही घेऊन बसले होते. एका पानावर माणसं, दुसऱ्या पानावर जनावरं लिहीत होते.

"आप्पा, ह्या खेपेला काय काय आणलंसा?"

"म्हशी सात, रेडकू एक, मुलाणी मॅडम." मग आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "आणि हे कोल्हापूरचं पावणं."

ग्रामसेवकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पेन दोन पानांच्या मध्ये थांबलं.

आप्पा घाईनं म्हणाले, "जनावरांत लिहू नगासा सायेब! म्हशी पहिल्या हाकेला उठल्यात."