बोंबील आणि घार

सुक्या बोंबलांचा वास आला की मला घणसोली गावातली आमची गच्ची आठवते. घरमालकीण मावशींचे वाळत घातलेले बोंबील रोज कमी व्हायचे, आणि शेजारणीवर संशय घेऊन त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. मग मी पत्त्याच्या पानाएवढ्या उघड्या कॉम्प्युटर-बोर्डाला कॅमेरा जोडून दिवसभर रेकॉर्डिंग केलं आणि संध्याकाळी तोच बोर्ड त्यांच्या टीव्हीला लावला. घार झेपावली, तिचं पीस न पीस लख्ख. "अगो बाय, पापनी पन दिसते!" मावशी उठून उभ्याच राहिल्या. मागोमाग पडद्यावर शेजारीण आली, हातात काठी घेऊन, मावशींच्याच बोंबलांवरचे कावळे हाकलत. मावशींनी तेवढा भाग तीनदा लावायला सांगितला आणि ताटलीत बोंबील घेऊन गुपचूप शेजारी गेल्या. परवा नवा टीव्ही आणला, तेव्हाही मी पहिलं तेच रेकॉर्डिंग लावलं.