साडेपाच तासांत न्यूयॉर्क

मुंबईहून न्यूयॉर्कला विमानानं साडेपाच तास लागतात, हा शोध माझा. अख्ख्या वालूर गावात तो दुसऱ्या कुणाला लागला नाही, यावरनंच काय ते ओळखा.

झालं असं, की माझी धाकटी बहीण वर्षा नवऱ्याकडं न्यूयॉर्कला निघाली आणि दुसऱ्याच दिवशी मला बघायला पाहुणे यायचे होते. (हो, मलाच. शेती करणाऱ्या चौतिशीतल्या पोराला हल्ली बघायला येतात, अन् बघितल्यावर फोन उचलत नाहीत!) त्यात मायचा नेम कडक: माणूस गावाला गेलं, की ते पोचल्याचं कळेस्तोवर घर झाडायचं नाही. परभणीला गेलेलं माणूस दुपारपर्यंत पोचतं, तवर केर राहिला तर बिघडलं काय? पण ही चालली न्यूयॉर्कला, आणि ती निघाली त्याच दिवशी पुढच्या खोलीत साठवलेला कापूस सेलूच्या बाजारात गेला. मागं उरला गुडघाभर पाचोळा.

मी तिकीट बघितलं. रात्री दीडला उडणार, सकाळी सातला उतरणार. मायला म्हटलं, साडेपाच तासांचं काम, आठला झाडून घे, पाहुण्यांना अकराची वेळ देतो. आबांनी, म्हणजे वडलांनी, अंतर विचारलं. मी मोबाईलवर बघून साडेबारा हजार किलोमीटर सांगितलं.

"मंग तासाला दोन हजाराच्या वर पळायलंय की रे ते," आबा म्हणाले.

"आबा, विमान हाय ते. ट्रॅक्टर न्हाई."

सकाळचे सात वाजले. आठ वाजले, नऊ वाजले. वर्षाचा फोन बंद. मी दारातनं गच्चीवर, गच्चीवरनं दारात. लग्न गेलं खड्ड्यात, पोरगी कुठं अडकली? माय देवापुढं बसून राहिली, झाडायचा फडा मांडीखाली दाबून! मी हळूच हातानं पाचोळा गोळा करायला वाकलो.

"केराला हात लावशील तर बघ. लेक अजून आभाळात हाय माझी."

अकराला सुनीता आणि तिचे आईवडील आले, येलदरीकडचे. अंथरलेली सतरंजी पाचोळ्यावर कुरकुर वाजायला लागली. मी घाम पुसला, तर भुवयांना कापूस चिकटला, आणि सुनीताची आई माझ्या वयाचा नव्यानं अंदाज घ्यायला लागली. शेवटी मी सगळी हकीकत सांगितली, मायच्या नेमासकट, हिशोबासकट.

सुनीतानं शांतपणे विचारलं, "सातला म्हंजी इथल्या का तिथल्या?"

मी मोबाईल काढला. न्यूयॉर्कात तेव्हा नुकतीच मध्यरात्र उलटली होती. तिथले सात वाजायला आपली संध्याकाळ होणार होती! आबांनी माझ्याकडं, बंद पडलेल्या ट्रॅक्टरकडं बघावं तसं बघितलं.

पाहुण्यांनी चहा घेतला, कपडे झटकले आणि गेले. संध्याकाळी वर्षाचा फोन आला. माय आधी पोटभर रडली, मग तिनं घर झाडलं. मी म्हटलं, केराबरोबर हेही स्थळ गेलं.

आठवड्यानं सुनीताच्या वडलांचा फोन आला. "लेकीपायी जे घर पाव्हण्यापुढं केरात बसतंय, तिथं लेक द्यायला आमची ना न्हाई," ते म्हणाले. आबांनी फोन मायच्या हातात दिला.

आता सुनीताही मायचा नेम पाळते, घरातल्या सगळ्यांसाठी. फक्त मी सेलूला निघालो, की माझी मोटारसायकल कोपऱ्यावर वळायच्या आत हिचा फडा सुरू होतो. एकदा कारण विचारलं.

"तुमच्या हिशोबानं तुमी कवाच पोचलात की," म्हणाली.