वस्तऱ्यावरचा बैल

दुकानात दिवसभर पडलेले केस संध्याकाळी झाडून बाहेर टाकता येतात. गोष्टींचं तसं नाही. त्या खुर्चीखाली साठतच जातात. कराडात स्टेशनच्या रस्त्याला आमचं केशकर्तनाचं दुकान होतं. लढाईच्या दिवसांतल्या तिथल्या गोष्टी माझ्या डोक्यातून अजून झाडून निघालेल्या नाहीत. त्यातल्या निम्म्या वस्तऱ्यांच्याच, कारण माझ्या बापूकाकांना वस्तरा ओळखायचा नाद होता.

* * *

काका वस्तरा हातात घेत, पात्याला नखाने टिचकी मारत आणि कानाशी नेत. मग "जर्मन" म्हणत, नाहीतर "विलायती." तिसरी जात त्यांनी मानलीच नाही. एकदा एका खोडकर गिऱ्हाइकाने घरच्या मोडक्या विळीच्या पात्याला मूठ बसवून आणली आणि म्हणाला, काका, एवढं बघा. काकांनी टिचकी मारली, डोळे मिटून ऐकलं आणि बराच विचार करून सांगितलं, "जर्मन. पर गरीब घरचा!"

* * *

बेचाळीस साली एक खादीवाले मास्तर खुर्चीत बसले. इंग्रजांचा वस्तरा आपल्या गालाला लागता कामा नये, असं त्यांनी बजावलं. काका म्हणाले, काळजी नको, हा जर्मन आहे. मास्तर खुशीत दाढी करून गेले.

त्यांच्या पाठोपाठ फौजदारसाहेब आत आले. बाहेर थांबून त्यांनी सगळं ऐकलं होतं. शत्रूचा वस्तरा वापरता काय, असं त्यांनी दरडावून विचारलं. काका शांतपणे वस्तरा पुसत म्हणाले, "साहेब, तुमच्यासाठी विलायती ठेवलाय की." आणि तोच वस्तरा पट्ट्यावर पुन्हा घासून त्यांनी फौजदारांच्या गळ्याला लावला. त्यावरचं नाव आमच्या आजोबांच्या हातूनच घासून गेलं होतं. तो खरा कुठला होता, हे कळायला हवं होतं असं मला अजून अधूनमधून वाटतं.

* * *

काकांच्या या कीर्तीमुळेच पांडूआबा आमच्याकडे आले. आबा पहिल्या लढाईतले हवालदार. कोयनेपलीकडे त्यांचा थोडा ऊस होता. त्यांचा एकुलता मुलगा श्रीपती या लढाईत ब्रह्मदेशात गेला आणि तो बेपत्ता असल्याची तार आली. पुढे पलटणीकडून त्याची म्हणून पत्र्याची एक पेटी आली. पेटीत चार खाकी कपडे, कुणाचेही असतील असे, आणि गंजून लाल झालेला एक वस्तरा.

"ह्यो श्रीपतीचा हाय का न्हाई, तेवढं सांगा," आबा म्हणाले. "त्याचा नसंल तर पेटी दुसऱ्याची. आन् पेटी दुसऱ्याची, तर माजं पोरगं कुटंतरी जित्तं हाय."

श्रीपतीला वस्तरा आबांनीच दिला होता, पहिल्या लढाईत त्यांनी स्वतः बसऱ्याहून आणलेला. त्याच्या पात्यावर पळत्या घोड्याचं चित्र होतं. या पात्यावर गंजाखाली काय आहे, हे काही केल्या दिसत नव्हतं. काकांनी त्या दिवशी टिचकी मारली नाही.

* * *

गंज काढायचा म्हटल्यावर दुकानात टेकायला येणारा प्रत्येक जण वैद्य झाला. कुणी चिंच सांगितली, कुणी लिंबू, कुणी शिळं ताक. सांगलीचे पायगोंडा अण्णा हळदीच्या व्यापारासाठी यायचे आणि गाडीची वेळ होईपर्यंत आमच्या बाकावर बसायचे. ते म्हणाले, आंबट लावाल तर गंजाबरोबर चित्रही जाईल, रॉकेलमध्ये भिजत घाला. म्हणणं पटलं, पण रॉकेल तेव्हा रेशनवर. शेवटी काकांनी घरच्या कंदिलातलंच ओतून आणलं.

काकू म्हणाल्या, "दाढी कुणाची, आन् अंधार कुणाच्या घरात!" त्या आठवड्यात काकांकडची जेवणं दिवस मावळायच्या आत उरकत होती. पण पांडूआबांचा वस्तरा आहे हे कळल्यावर काकूंनी तक्रार केली नाही.

* * *

बुचाच्या तुकड्यावर चाळलेली राख घेऊन मी पातं हळूहळू घासत होतो. चित्र निघण्याआधी मुठीतलं एक नवल निघालं. पातं ज्या खिळीवर फिरतं, ती खीळ नेहमीसारखी पितळेची नव्हती. कुणीतरी ती घरी ठोकून बसवली होती. काका म्हणाले घड्याळाची तार असेल. अण्णांनी चष्मा वर करून खीळ निरखली. "चांदी हाय," ते म्हणाले. "वस्तऱ्याला चांदीची खीळ कोन मारतंय?"

हा प्रश्न आम्ही पुष्कळ चघळला. आबांना विचारलं, तर त्यांचा चेहरा उजळला. आपण दिला तेव्हा खीळ पितळेचीच होती, म्हणजे हा आपला नव्हेच! त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. मलाही त्या चहाची चव फार चांगली लागली.

* * *

मग चित्र निघालं. पुढचा भाग गंजाने खाल्ला होता. मागचे दोन पाय आणि शेपटी तेवढी राहिली होती. शेपटी मुळापासून झुपकेदार, वाऱ्यावर उडालेली. आम्ही सगळे बैलांच्या मुलखातली माणसं. बैलाच्या शेपटीला गोंडा टोकालाच असतो, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं.

आबांनी वस्तरा दारातल्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. "बैल हाय," ते म्हणाले.

कुणाच्याही सांगण्यावरून वस्तऱ्याची जात न बदलणारे बापूकाका शेवटी म्हणाले, "व्हय आबा, बैलच." अण्णांनी मान हलवली. मीही हलवली, पण मला रडू येत होतं. सुनेला सांगतो बैल निघाला म्हणून, असं आबा म्हणाले. परक्याची वस्तू घरी कशाला, म्हणून वस्तरा त्यांनी आमच्याकडेच ठेवला.

* * *

पुढच्या बाजाराच्या दिवशी श्रीपतीची बायको आली. न्हाव्याच्या दुकानाची पायरी बायका चढत नसत. ती खालीच उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी म्हंत्यात बैल निगाला. मला दावा."

मी फळीवरचा वस्तरा काढून तिच्या हातात दिला. चित्राकडे तिने पाहिलंच नाही. मूठ उलटी केली आणि त्या चांदीच्या खिळीवरून अंगठा फिरवत राहिली. तिच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी खाली पाहिलं. तिच्या पायांत चांदीची जोडवी होती. डाव्या पायातल्या जोडव्याचं एक टोक कापून घेतलेलं होतं.

तिने वस्तरा मिटून परत दिला. "बैलच हाय," ती म्हणाली. "मामंजींनी इचारलं तर सांगा, सुनंनं बी बगितला." कपाळावरचं कुंकू पदराने सावरून ती बाजाराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी आबा दाढीला आले. सूनबाई आली होती का, म्हणून त्यांनी विचारलं. मी होय म्हटलं.

"काय म्हनली?"

"बैलच म्हणाल्या."

आबांनी खुर्चीवर मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

"लय बरं झालं," ते म्हणाले. "पोरीला घोडा वळकू आला न्हाई."